कुत्रे फिरवताना वाटेवरचे लोक बोलतात, त्यांना उत्तर द्यायचं की नाही?

पांदणवाट

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. घरी दोन कुत्री आहेत. ब्रुनो हा लॅब्रॅडॉर. भावाला पुण्यात नोकरी लागली, भाड्याच्या घरात कुत्रं चालणार नाही म्हणाले, तेव्हापासून तो माझ्याकडे. सोनी गावठी, आमच्याच गोठ्यात जन्मलेली. उजाडलं की एकदा आणि संध्याकाळी ऊन उतरलं की एकदा, दोघांना पट्टा लावून मी पांदणीनं कालव्याकडे नेते.

त्या वाटेवर जे ऐकावं लागतं त्यावर मला तुमचं मत हवं आहे. ब्रुनोकडे पाहून "केवढ्याले घेतला जी?" आणि लगेच सोनीकडे पाहून, "याले काहून फिरवता, हे तं गावचंच कुत्रं हाय." पानठेल्यावरून येणारं वेगळंच: "माणसाले खायाले भेटत नाही अन् कुत्र्याचे लाड पाहा." "गाय पाळा ना, पुण्य तरी लागंल." "घरी कामं नाही वाटते." मोटारसायकलवरची पोट्टी मुद्दाम भुंकतात, कानाशी हॉर्न दाबतात, आणि ब्रुनो दचकून ओढायला लागला की हसत निघून जातात. पण सगळ्यात जास्त वेळा येतो तो एकच प्रश्न, "चावते काय?"

माझं म्हणणं असं की भेवापोटी विचारलेल्या प्रश्नाला थांबून, नीट उत्तर द्यायचं. माझ्या घरावर, माझ्या वेळेवर, माझ्या खर्चावर मारलेल्या शेऱ्याला अजिबात द्यायचं नाही. "चावते काय" विचारणारी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी असते, तिला पळता येत नाही. अशा वेळी मी दोन्ही पट्टे आखूड धरते, कुत्री धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या बाजूला घेते, मध्ये मी उभी राहते आणि सांगते, "सुई देलेली हाय, धरून हावो, पण हात नका लावू." "काही करत नाही" हे वाक्य मी कधीच बोलत नाही. दात असलेल्या कुठल्याही जनावराची अशी हमी कोणी देऊ नये, आणि ते वाक्य ऐकून कोणाचं भेव गेलेलं मी पाहिलेलं नाही.

शेरे मारणाऱ्यांशी मात्र मी बोलत नाही, चालत राहते. पण फिरवणं बंद करणार नाही. ऑगस्ट २०२५ नंतर एक नवीन वाक्य ऐकू येतं, "कोर्टानं कुत्रे उचला म्हणून सांगतलं, अन् तुम्ही फिरवून राह्यल्या." ११ ऑगस्टचा तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या मोकाट कुत्र्यांबद्दल होता. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानंच तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी सोडून. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारांतली मोकाट कुत्री हटवायला सांगितलं. पट्ट्यात धरून चालवलेल्या घरच्या कुत्र्याला यातलं काहीच लागू नाही.

तुम्ही काय करता?

कापूसवाला

ताई, तुमचं बोलणं समजलं, पण मले पटलं नाही. तुम्ही लोकाईच्या बोलण्याचा हिशोब मांडला, लोकाईच्या वाटेचा नाही मांडला.

माझ्या पोरीले घरचंच कुत्रं चावलं. मोकाट नव्हतं. पट्टा होता, पट्टा एका लहान पोराच्या हातात होता. मालक दहा पावलं मागं मोबाइलवर बोलत होता. त्याचं पहिलं वाक्य होतं, "काही करत नाही तो, तुमची पोरगी पळाली म्हणून." पिंढरीचं मांस बाहेर आलं होतं. गावाजवळच्या दवाखान्यात सुई भेटली, पण जखम खोल म्हणून सीरम, म्हणजे जखमेत द्यायचं रेबीजचं वेगळं औषध, पाह्यजे होतं, ते तिथं नव्हतं, जिल्ह्याले न्या लागलं. कोणाचं गाव, कोणाचं कुत्रं, ते सांगत नाही, आता त्यात काही राह्यलं नाही. पण पोरगी अजून पांदणीनं एकटी शाळेत जात नाही.

आता तुमची वाट पाहा. आमच्याइकडे पांदण म्हणजे एका बाजूले बोरी-बाभळीचे काटे, दुसऱ्या बाजूले नाली. कापूस वेचणीच्या दिवसात सकाळी त्याच वाटेनं बाया निघते, डबे, पाण्याच्या कॅना, बोचकी घेऊन. त्याच वेळी पोट्टे शाळेत. तुम्ही म्हणता मी धुऱ्याच्या बाजूले होतो. एका कुत्र्याचं ठीक. दोन कुत्रे अन् एक माणूस, सामनं बकऱ्याचा कळप आला तं काय करान? लॅब्रॅडॉर एकदा ताकदीनं ओढला तं बाईच्यानं धरल्या जात नाही, हे मी पाह्यलं हाय.

ज्याले कुत्रं फिरवाचं त्यानं आपल्या वावरात फिरवावं. रस्ता सगळ्याइचा हाय, अन् ज्याले भेव वाटते त्याचा तो आधी हाय.

कायदाही तुमच्याकडं पूर्ण नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वाचा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाले धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

धुऱ्यावरची_बोर

कापूसवाला भाऊ, पोरीचं वाचून वाईट वाटलं. पण ज्याच्याजवळ वावरच नाही त्यानं कुत्रं कुठं फिरवावं? आम्ही मजुरी करतो. आमच्या कुत्र्याले रस्त्याशिवाय जागा नाही.

जुना_गुरुजी

मी सत्तरी ओलांडली आहे, म्हणून मोकळं बोलतो. आमच्या वेळेला कुत्रा वावरात जागलीला असायचा, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हाकलायचा, दिवसा पारावर झोपायचा. त्याला कोणी फिरवत नव्हतं. हे पट्टा लावून सकाळ-संध्याकाळ हिंडवणं शहरातून आलेलं आहे, आणि ज्या गावात सोयाबीनला भाव नाही म्हणून माणसं रात्र-रात्र जागतात तिथे ते लोकांच्या डोळ्यात खुपणारच. "कुत्र्याचे लाड" म्हणणाऱ्याला सगळे वाईट ठरवू नका. त्याच्या घरात काय चाललं आहे ते त्याच्या त्या वाक्यात असतं. उत्तर देऊ नका असं तुम्ही म्हणता, ते मला तुसडेपणाचं वाटतं. गावात बोलणाऱ्याला "हो बाबा, चाललंय" इतकं तरी म्हणावं.

पांदणवाट

गुरुजी, नमस्कार. सोयाबीनचा भाव आमच्याही घरात पडलेला आहे, त्यामुळे त्या माणसाचं दुखणं मला परकं नाही. पण जागलीचा कुत्रा मोकळा होता, रात्रभर रान तुडवत होता. आज तसा मोकळा सोडला तर कापूसवाला भाऊंच्या पोरीसारखं अजून कोणाला तरी भोगावं लागेल. मग बांधायचा. आणि बांधला की फिरवणं आलंच. हे शहरातलं फॅड नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ मध्ये, सतत साखळीला बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही तर ती क्रूरता धरली आहे. साठपेक्षा जास्त वर्षं झाली त्या कायद्याला. दिवसभर खुंट्याला बांधलेलं कुत्रं कसं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे: गळ्यावरचे केस गेलेले, मातीत त्याच्या फेऱ्यांची गोल वाट पडलेली, आणि येईल त्याच्यावर धावणारं. असं कुत्रं एक दिवस साखळी तोडतं तेव्हा जास्त घातक असतं.

गुरांचा_दवाखाना

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, म्हणून थोडं कामाचं सांगतो.

कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी. लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरताना खिशात ठेवा. "सुई देली काय" या प्रश्नाला कागद दाखवला की बोलणं बहुतेक तिथेच संपतं.

कोणाला चावलंच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. आपल्याकडे अजूनही लोक तिखट, चुना, हळद भरतात. तसं करू नका. मग सरळ दवाखाना. सुई कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर सीरमसुद्धा. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की त्यानंतर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून एकही डोस चुकवायचा नाही. चावणारं कुत्रं घरचं असेल तर त्याला दहा दिवस डोळ्यासमोर ठेवता येतं, मोकाट असेल तर ते सापडतच नाही. पण म्हणून दहा दिवस वाट पाहायची नाही, उपचार त्याच दिवशी सुरू करायचे.

दोन कुत्री एका माणसानं धरण्याबद्दल मी कापूसवाला भाऊंच्या बाजूचा आहे. ब्रुनोला वेगळं न्या, सोनीला वेगळं. वेळ लागतो, पण हातात जोर राहतो.

बेड्यावरचा

मी फासेपारधी आहे, अमरावती जिल्ह्यातला. ताई, तुम्ही म्हणता शेरे मारणाऱ्याला उत्तर देत नाही, पुढे चालत राहते. ही मुभा तुम्हाला आहे, मला नाही.

मी दोन कुत्री घेऊन बेड्यावरून, म्हणजे आमच्या वस्तीवरून, रस्त्याला लागलो की कोणी "चावते काय" विचारत नाही. विचारतात, "कुठं, शिकारीले काय?" मी गप्प राहिलो तर त्याचा अर्थ हो असा धरला जातो. एकदा एका गावात पाणी प्यायला थांबलो होतो, कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे होते, तरी चार जण गोळा झाले आणि माझ्या थैलीत शिकारीचे फासे आहेत का ते पाहायला लागले. थैलीत भाकरी होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण संशयाची चौकशी आधी आमच्या दारात येते. १८७१ पासूनच्या इंग्रजी कायद्यांखाली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यात पारधी होते. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला. रस्त्यावरून कुठं गेला?

म्हणून मी प्रत्येकाला उत्तर देतो. कुठून आलो, कुठे चाललो, कुत्र्याचं नाव काय, लस कधी दिली. न विचारता आधीच सांगतो. मला ते आवडत नाही, पण माझ्या पोराला घरी परत यायचं असतं. इथे "उत्तर द्यायचं की नाही" हा नियम ठरवताना कोणाच्या हातात पट्टा आहे तेही पाहा.

पांदणवाट

दादा, हे मी धरलंच नव्हतं. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. गावात कोणी असा प्रश्न विचारताना दिसलं तर मी तिथे थांबून बोलेन, इतकं माझ्या हातात आहे.

संत्र्याचा_मळा

मला ताईंचं "चालत राहा" पटत नाही, पण वेगळ्या कारणानं. मी वरुडकडची, वय चोवीस. माझ्याकडे एकच कुत्री आहे. मला जे बोलतात ते कुत्रीबद्दल नसतंच. "आम्हालेही फिरव ना" हे कुत्रीबद्दल आहे का? "एकटीच काहून फिरते" हे? पोरगी सकाळी कामाशिवाय घराबाहेर दिसली, याची ती बोंब आहे. मी चालत राहत होते तेव्हा ते वाढत गेलं. मग एका दिवशी थांबले, मोटारसायकलचा नंबर मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "तुमच्या घरी येऊन सांगू काय आईले?" त्या पोरांनी नंतर ती वाटच सोडली. लहान गावात कोण कोणाचा हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचा उपयोग करा.

गुरुजी, अशांना "हो बाबा" मी म्हणणार नाही.

जुना_गुरुजी

बेटा, अशांना म्हणूच नको. मी त्यांच्याबद्दल बोलत नव्हतो.

सिंदेवाहीकर

आमच्या भागात ही चर्चाच वेगळी होते जी. इकडे चंद्रपूरच्या जंगलपट्टीत उजाडायच्या आधी कुत्रं घेऊन निघणाऱ्याला लोक ओरडतात, आणि ते बरोबर ओरडतात. बिबट गावात येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठीच येतो. मोहफुलाच्या दिवसात, तेंदूपत्त्याच्या दिवसात बाया पहाटे जंगलाच्या कडेला असतात. त्यात तुम्ही कुत्रं घेऊन गेलात तर स्वतःबरोबर त्यांच्याही जिवाला घोर. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा उशिरा निघावं तर डांबरानं कुत्र्याचे पंजे भाजतात. आम्ही पूर्ण उजाडल्यावर निघतो आणि गावातल्या गावात, बोरवेलपासून मंदिरापर्यंत दोन फेऱ्या मारतो. तिथे लोक बोलतात, बोलू द्यावं.

कापूसवाला

सगळ्याइचं वाचलं. पारधी भाऊनं लिहिलं ते खरं हाय, आमच्या गावात तसंच होते, अन् ते चुकीचं हाय.

पण ताई, माझं मत तेच हाय. कार्ड दाखवलं, बाजूले झालो, हे सगळं मोठ्या माणसापुरतं. सात वर्षांचं पोट्टं कार्ड वाचत नाही. ते कुत्रं पाहते अन् पळते, अन् पळालं की कुत्रं मागं लागते.

पांदणवाट

हे तुमचं बरोबर आहे. शाळेच्या वेळेला पांदणीनं जाणं मी बंद करते. शाळा भरल्यावर निघेन, आणि दवाखान्यातल्या भाऊंनी सांगितलं तसं दोघांना वेगवेगळं नेईन. वेचणी संपेपर्यंत सकाळी कालव्याच्या वरच्या अंगानं जाता येईल का ते पाहते, तिकडून मजुरांची वाट नाही. फक्त वावरातच फिरवा, हे मात्र मला मान्य नाही. धुऱ्यावरच्या ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

गुरांचा दवाखाना भाऊ, ब्रुनोला मुसकं बांधायचं म्हटलं तर कोणतं घ्यावं? बाजारात कापडी पट्टी मिळते.

गुरांचा_दवाखाना

कापडी पट्टी नको. कुत्रं तोंड उघडून, जीभ बाहेर काढून अंग थंड करतं, आपल्यासारखा घाम त्याला येत नाही. तोंड आवळलं तर आपल्या उन्हात तासाभरात जीव जाऊ शकतो. जाळीचं घ्या, ज्यात त्याला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. आधी घरात, खायला देत देत थोडा-थोडा वेळ घालून सवय लावा. एकदम रस्त्यावर घातलं तर पंज्यांनी ओरबाडून काढेल.

कापूसवाला

जाळीचं मुसकं असलं तं माझी पोरगी निदान दुरून पाहू शकंल. जवळ येईल असं म्हणत नाही.