'सर्टिफिकेट दिसलं की रेझ्युमे बाजूला'? मग हेही ऐका

नाईटशिफ्ट (धागाकर्ता)

काल एका सद्गृहस्थांची पोस्ट सगळीकडे फिरत होती. मथितार्थ असा: "रेझ्युमेवर तीनहून जास्त सर्टिफिकेशन्स दिसली की मी तो बाजूला ठेवतो. ज्याला काम येतं त्याला कागद लागत नाही." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं. आता इथे ओकतो.

मी सहा वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला होतो. तिकीट उघड, लॉग बघ, सर्व्हिस रीस्टार्ट कर, तिकीट बंद कर. रात्रपाळीत पायथन शिकलो, स्क्रिप्ट्स लिहिल्या. त्यातल्या दोन ती टीम अजून वापरते. डेव्हलपमेंटसाठी अर्ज किती केले ते मोजायचं कधीच सोडलं. रेझ्युमेवर 'सपोर्ट' हा शब्द आला की त्याखालचं कोणी वाचत नाही. मग एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे भाड्याचे सर्व्हर) सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट हे सर्टिफिकेशन केलं. पहिल्यांदा आपटलो, दुसऱ्यांदा पास. पुढच्या दीड महिन्यात तीन ठिकाणांहून फोन आले. मुलाखतीत त्या सर्टिफिकेटबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पण मुलाखत झाली ती त्याच्यामुळेच.

आणि त्या सद्गृहस्थांच्या प्रोफाइलवर नावाखाली पहिली ओळ काय? 'माजी अमुक, माजी तमुक.' सगळ्या बड्या कंपन्या. तो कागद नाही तर काय आहे? त्यांचा तो मान आणि आमची ती पोपटपंची, असं का?

खवचट

तुम्हाला नोकरी लागली, आनंद आहे. पण फोन एचआरने केला. एचआर शब्द जुळवतं. त्यांना 'सर्टिफाइड' सापडलं, त्यांनी फोन फिरवला. यात सर्टिफिकेटची किंमत सिद्ध होते की एचआरची, ते तुम्हीच ठरवा.

मी मुलाखती घेतो. गेल्या वर्षी एक उमेदवार आला, पाच एडब्ल्यूएस सर्टिफिकेशन्स. विचारलं, प्रायव्हेट सबनेटमधल्या (नेटवर्कचा इंटरनेटपासून आत ठेवलेला भाग) सर्व्हरला बाहेरून पॅकेज डाउनलोड करायचंय, होत नाहीये, काय बघशील? म्हणाला, इंटरनेट गेटवे लावू. अरे बाबा, त्या सर्व्हरला पब्लिक आयपीच (इंटरनेटवरचा पत्ता) नाही. मग थोडा वेळ शांतता, आणि मग त्याने मला विचारलं, "सर, ऑप्शन्स आहेत का?"

हे मी रचून सांगत नाही. तुमच्या त्या असोसिएट परीक्षेत ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास, आणि त्या ६५ मधले १५ तर मोजतच नाहीत. समोर पर्याय ठेवून बरोबर ते निवडायचं. रात्री दोनला सिस्टीम पडते तेव्हा पर्याय कोण देतं?

जुनं_खोड

क्लाउडवाल्यांचं क्लाउडवाल्यांनी बघावं. आमच्या वेळची सनची (जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणारी कंपनी) एससीजेपी ही जावाची परीक्षा ज्यांनी दिली त्यांना विचारा पोपटपंची म्हणजे काय. (२०१० मध्ये ओरॅकलने सन गिळली, मग नावं बदलत राहिली, ते सोडा.) वीस ओळींचा कोड द्यायचे आणि विचारायचे: कंपाइल होईल का, झाला तर काय छापेल? कंपाइलर आपल्या डोक्यात चालवावा लागायचा. दोन इंटिजर ऑब्जेक्ट, दोघांत १२७, `==` केलं तर ट्रू. दोघांत १२८ टाका, फॉल्स. का? हे ज्याला सांगता येतं त्याला जावा येते.

खवचट

@जुनं_खोड, झालं का सुरू! याच कोड्यांमुळे सर्टिफिकेशन बदनाम झालं. असा कोड लिहिणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये झापतात, त्याचं उत्तर पाठ करणाऱ्याचा सत्कार करत नाहीत. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) पिवळी रेघ मारते, इक्वल्स (आतली किंमत ताडून बघणारी तुलना) वापरा म्हणते, विषय संपला.

बिलेबल

दोघंही मुद्दा सोडून भांडताय. सर्टिफिकेट तुमच्यासाठी नसतंच मुळी. सर्व्हिस कंपनीत काम केलंय का कधी? क्लाउडवाल्यांच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये वरची पायरी हवी तर इतकी सर्टिफाइड डोकी दाखवावी लागतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ मध्ये पार्टनर कंपन्यांच्या गोल्ड-सिल्व्हर पायऱ्या काढून नवी पद्धत आणली, तिच्यातही स्किलिंगचे गुण आहेतच. म्हणजे सर्टिफिकेट तुमच्या नावावर, पायरी कंपनीची.

आमच्याकडे तिमाही संपत आली की मॅनेजरचा मेल: "टीममधून अजून चार जण हवेत." मी एका वर्षात तीन केली, सगळी शनिवार-रविवारी. प्रपोजलमध्ये माझा फोटो आणि तिन्ही बॅज छापून आले, काम मिळालं. मला त्या प्रोजेक्टवर घेतलंच नाही. अप्रेझलमध्ये शेरा, "शिकण्याची वृत्ती उत्तम", आणि वाढ सगळ्यांना मिळाली तेवढीच. राजीनामा दिला तेव्हा मात्र साहेब हळहळले: आता नवीन सर्टिफाइड माणूस शोधावा लागणार! खोगीरभरती म्हणतात ती हीच.

नाईटशिफ्ट

@बिलेबल, अहो पण नवी नोकरी मिळताना ती तीन उपयोगी पडली की नाही?

बिलेबल

पडली. म्हणूनच चिडचिड होते.

जुनं_खोड

@खवचट, पिवळी रेघ म्हणे. एक किस्सा सांगतो, मग बोला.

एका ठिकाणी खात्याचा आयडी लाँगमध्ये ठेवला होता, मोठ्या एल वाला, म्हणजे ऑब्जेक्ट. कोणीतरी `==` ने तुलना केली, म्हणजे किंमत तीच का हे न बघता ऑब्जेक्ट तोच का हे बघितलं. युनिट टेस्टमध्ये आयडी १ ते २०. सगळं हिरवं. पायलटला शंभर ग्राहक घेतले, तीन आठवडे गुळगुळीत. मग दारं उघडली आणि दुसऱ्याच दिवशी 'हा व्यवहार तुमच्या खात्याचा नाही' असे एरर. सगळ्यांना नाही, नव्या ग्राहकांनाच. सहा जण एका खोलीत. एक म्हणतो डेटाबेस रेप्लिकेशन, एक म्हणतो सेशन, एकाने लोड बॅलन्सरवर खापर फोडलं. दीड दिवस गेला. मी दुसऱ्या टीमचा, सहज डोकावलो. विचारलं, नेमक्या कितव्या आयडीपासून बिघडतंय? म्हणाले १२८. मी म्हटलं, `==` शोधा.

पाच मिनिटांत सापडलं. ते मी परीक्षेसाठीच शिकलो होतो, दुसरीकडे कुठेही नाही.

कंसातला

किंचित दुरुस्ती. -१२८ ते १२७ ही रेंज कॅश झालीच पाहिजे (म्हणजे त्या आकड्याचा ऑब्जेक्ट एकदाच बनवून दर वेळी तोच द्यायचा, म्हणून `==` ट्रू) असं जावाचा स्पेसिफिकेशन सांगतो, वरची मर्यादा त्याहून जास्त ठेवायला मनाई नाही. ऑटोबॉक्सकॅशमॅक्स हा जेव्हीएमचा (जावा चालवणारा प्रोग्रॅम) पर्याय वापरून ती वाढवता येते, पण फक्त इंटिजरची. लाँगची १२७ लाच थांबते. आणि न्यू इंटिजर करून दोन ऑब्जेक्ट बनवले तर १२७ लाही फॉल्सच येईल. तो कन्स्ट्रक्टर जावा ९ पासून डेप्रिकेटेड ('वापरू नका' असा शेरा मारलेला) आहे.

खवचट

@जुनं_खोड, १२८ आकडा ऐकल्यावर कुठल्याही डेव्हलपरचे कान टवकारले पाहिजेत. दोनाचा सातवा घात! त्याला सर्टिफिकेट कशाला हवं?

जुनं_खोड

खोलीत सहा जण होते. बारा कान. एकही टवकारला नाही.

खवचट

मग ती टीम टुकार होती. कोड रिव्ह्यू कुठे होता? टेस्ट डेटा १ ते २० कोण ठेवतं? वॉर्निंग कोणी बघितली नाही?

जुनं_खोड

वॉर्निंग्ज बंद केल्या होत्या. चार हजारांच्या वर होत्या म्हणून. तुम्ही ज्या आदर्श टीममध्ये काम करता तिथे जागा असेल तर कळवा, आम्ही सगळे येतो.

पॉड_पडला

इंटिजरचं लग्न लागलं असेल तर मूळ विषयाकडे येऊ.

सगळ्या परीक्षा पर्यायांच्या नसतात. कुबरनेटिसची (अनेक सर्व्हरवर ॲप्स चालवणारी यंत्रणा) सीकेए परीक्षा द्या एकदा. दोन तास, समोर टर्मिनल, मोडका क्लस्टर (सर्व्हरचा गट), तो दुरुस्त करून दाखवा. अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायला परवानगी, म्हणजे पाठांतराचा उपयोग जवळजवळ नाही. ६६ टक्क्यांना पास. @खवचट, तुमचं "ऑप्शन्स आहेत का" तिथे चालत नाही. मला नोड (गटातला एक सर्व्हर) 'नॉट रेडी' दिसला की आजही हात आपोआप क्युबलेटच्या (प्रत्येक नोडवर चालणारा कुबरनेटिसचा प्रोग्रॅम) लॉगकडे जातात, ते त्या तयारीमुळे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्यांनी सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आणली. माझा सहकारी मार्चमध्ये पास झाला, त्याला तीन वर्षं. मी रिलीजच्या गडबडीत तारीख दोन आठवडे पुढे ढकलली, मला दोन. तोच अभ्यास, तीच परीक्षा. रिलीजही पुढे गेलंच, ते वेगळं.

कंसातला

मुदत असावी. डिसेंबर २०२० पर्यंत एस-थ्रीवर (एडब्ल्यूएसची फाइल साठवायची सेवा) फाइल ओव्हरराइट केली तर थोडा वेळ जुनी प्रत मिळू शकते हे परीक्षेत बरोबर उत्तर होतं. मग त्यांनी स्ट्राँग कन्सिस्टन्सी (लगेच नवीच प्रत मिळण्याची हमी) दिली आणि तेच उत्तर चूक ठरलं. आधी पास झालेले कित्येक जण अजून जुनंच सांगत फिरतात.

पॉड_पडला

मुदतीला विरोध नाही, वसुलीला आहे. मायक्रोसॉफ्टचं असोसिएट-एक्स्पर्ट दर वर्षी संपतं, पण नूतनीकरण फुकट, घरबसल्या, पुस्तक उघडून. सीकेएवाल्यांना पुन्हा पूर्ण परीक्षा आणि फी घेताना लाज कशी वाटत नाही?

खिडकीबंद

फीचं जाऊ द्या, घरून परीक्षा देताना कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या त्या सुपरव्हायजरचं बोला कोणीतरी. मला प्रश्न वाचताना ओठ हलवायची सवय आहे. दोनदा ताकीद. तिसऱ्यांदा परीक्षा बंद. का, तर मी "कोणाशी तरी बोलत होतो". खोलीत मी आणि एक पंखा. महिनाभर मेलामेली केली तेव्हा कुठे पुन्हा बसू दिलं. तोवर निम्मं विसरलो होतो.

बिलेबल

पंख्यालाही सर्टिफिकेट द्यायला हवं होतं.

शिस्तप्रिय

या सगळ्यावर एकच उपाय. डॉक्टर, वकील यांच्यासारखं सॉफ्टवेअरवाल्यांनाही लायसन्स. एक परीक्षा, एक मंडळ, बाकी दुकानं बंद.

कंसातला

करून झालंय. अमेरिकेत इंजिनिअरच्या लायसन्ससाठी सॉफ्टवेअरची वेगळी पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा २०१३ मध्ये आली, २०१९ मध्ये बंद केली. पाच वेळा घेतली, एकूण उमेदवार ८१.

शिस्तप्रिय

८१ हजार?

कंसातला

८१.

पुन्हा_हॅलो_वर्ल्ड

बराच वेळ नुसतं वाचत होते, आता राहवत नाही.

चार वर्षांचा गॅप आहे माझा. घरातलं आजारपण, तपशिलात जात नाही. त्याआधी आठ वर्षं डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅमिंगचं व्यासपीठ) काम. परत यायचं ठरवलं तर प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न: "मधल्या काळात टेक्नॉलॉजीशी टच होता का?" आता 'होता' हे कसं दाखवायचं? जुना कोड जुन्या कंपनीचा, तो दाखवता येत नाही. गिटहबवर प्रोजेक्ट टाकला, तो उघडून बघितल्याचं एकाही मुलाखतीत जाणवलं नाही. अझ्युअर (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) डेव्हलपरची परीक्षा दिली, तारीख ताजी. प्रश्न बंद झाला असं नाही, पण प्रश्नाचा सूर बदलला. "टच होता का" च्या जागी "अझ्युअर फंक्शन्समध्ये काय केलंय" असं विचारू लागले. एवढंच हवं होतं मला.

@खवचट, तुम्ही म्हणता काम बघा. काम बघायला आधी कोणीतरी दार उघडावं लागतं. तुम्हाला शेवटचं दार कधी ठोठावावं लागलं?

खवचट

अकरा वर्षांपूर्वी. आणि मित्राच्या ओळखीने आत गेलो, हेही कबूल करतो, म्हणजे तुमची पुढची दोन वाक्यं वाचतील.

नाईटशिफ्ट

म्हणजे मित्र हे तुमचं सर्टिफिकेट! मुदत संपत नाही, फी नाही, कॅमेरा नाही.

खवचट

हसा. ठीक आहे, गॅपवाल्यांसाठी आणि सपोर्टमधून येणाऱ्यांसाठी त्याचा उपयोग आहे, मान्य. ती पोस्ट मी लाइक केली होती, ते लाइकही काढतो, होऊ द्या समाधान. पण आठ-दहा वर्षं डेव्हलपर असलेल्याने रेझ्युमेचं अर्धं पान बॅजनी भरलं तर मला शंका येणार म्हणजे येणार. इतकी वर्षं काय केलं ते लिहायला जागा उरली नाही का? आणि डंप (परीक्षेतून फुटलेले प्रश्न) पाठ करून पास होणाऱ्यांचं काय करायचं ते तुमच्यापैकी कोणीही सांगितलेलं नाही. सर्टिफिकेट स्वस्त त्यांनी केलं, मी नाही.

बिलेबल

आमच्याकडे डंपची पीडीएफ खुद्द मॅनेजरने पाठवली होती. सब्जेक्ट लाइन: "स्टडी मटेरियल".

पुन्हा_हॅलो_वर्ल्ड

डंपवाल्याला दोन प्रश्न विचारले की तो उघडा पडतो, हे तुम्हीच सांगितलंत ना? पाच सर्टिफिकेट्सवाला तुमच्या पहिल्याच प्रश्नात पडला. मग रेझ्युमे आधीच बाजूला कशाला ठेवायचा? बोलवा आणि विचारा.

खवचट

शंभर रेझ्युमे असतात ताई. सगळ्यांना बोलावू?

जुनं_खोड

१२८ असते तर बोलावलं असतं.

खवचट

खोडसाहेब, तुम्हाला साष्टांग नमस्कार. बरं, सर्टिफिकेटवर कोणाला बाद करणार नाही. पण प्रायव्हेट सबनेटचा प्रश्न विचारणारच.

नाईटशिफ्ट

विचारा की. नॅट गेटवे (आतल्याला बाहेर जाऊ देतो, बाहेरच्याला आत येऊ देत नाही), तो पब्लिक सबनेटमध्ये, आणि प्रायव्हेटच्या राउट टेबलमध्ये बाहेरचा रस्ता त्याच्याकडे. ऑप्शन्स न मागता सांगितलं.

कंसातला

आयपीव्ही-फोर (इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत) असेल तर. नव्या सिक्सला एग्रेस-ओन्ली (फक्त बाहेर जाऊ देणारा) इंटरनेट गेटवे लागेल.