चर्चा: ४३ डिग्रीत लेकराला घट्ट पाणी? मला हे पटत नाही

पूर्णाकाठ (परभणी)
मुलगा साडेतीन वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं स्नायूंवर नीट ताबा नाही). थंडीत दोनदा न्यूमोनिया झाला. मग बेरियम पाजून एक्स-रेवर गिळणं तपासलं. पातळ पाणी श्वासनलिकेत उतरतंय आणि लेकराला ठसकाही लागत नाही, असं निघालं. तेव्हापासून पाणी, दूध, सगळं पावडर घालून घट्ट, लेव्हल २ (घट्टपणाच्या ठरलेल्या मापातली पायरी; आकडा जास्त तेवढं जास्त घट्ट). तीन महिने इमानेइतबारे केलं. आता मे महिना. ते बुळबुळीत पाणी दिसलं की पोरगं ओठ घट्ट मिटतं. लघवी दिवसातून दोनदा, पिवळीजर्द. संडासला चार-चार दिवस नाही. न्यूमोनियाच्या आधी तहानेनंच काही व्हायचं. कालपासून चमच्यानं साधं पाणी द्यायलेय. कुणाला चूक वाटत असेल तर सांगा, पण कारणासकट.

बीडची_काकू
काही चूक नाही. आमच्या घरात अशीच एक पोर होती. मांडीवर आडवी घ्यायची, बोंडल्यानं पाजायची. कधी ठसका नाही लागला. हे पावडरीचं फॅड आत्ता आलं.

गिळण्याची_थेरपिस्ट
काकू, ठसका लागत नाही हीच तर भीती. पाणी चुकीच्या वाटेनं गेलं की शरीर खोकून बाहेर काढतं. या मुलाचं शरीर ती खबरच देत नाही. आणि आडवं करून बोंडल्यानं ओतणं तर फारच धोक्याचं, मूल तयार असो नसो पाणी घशात पडतं.
पूर्णाकाठ ताई, तुमची तक्रार मात्र खरी आहे. घट्ट केलं की मुलं कमी पितात, पोट जड होतं. पण तुम्ही देताय ते नक्की लेव्हल २ आहे का? १० मिलीची सिरिंज घ्या (सगळ्या सारख्या नसतात, शून्य ते १० या खुणांत ६१.५ मिलिमीटर अंतर हवं). दांडा काढा, खाली बोट लावून १० पर्यंत भरा, बोट सोडा, १० सेकंदांनी परत लावा. ४ ते ८ मिली उरलं तर लेव्हल २. त्याहून जास्त उरलं तर लेव्हल ३.

लातूरचा_बाप
सिरिंज ठीक, पण पावडरीचा डबा दर महिन्याला कोण आणणार? २०१६ ला आमच्या गावात रेल्वेनं पाणी आलंय, त्यामुळं तहान काय असते ते आम्हाला शिकवू नका. मी गाळलेली ज्वारीची आंबील देतो. आपलं अन्न, पोटालाही बरं.

गिळण्याची_थेरपिस्ट
द्या की, फक्त चमचा बघा. लाळेतलं अमायलेज हे पाचकद्रव्य आंबिलीला घट्ट करणारा स्टार्च फोडतं. उष्टा चमचा परत वाटीत बुडवला की आंबील वाटीतच पातळ व्हायला लागते. पहिला घास जमतो, विसावा घास जमत नाही.

बीडची_काकू
मग कलिंगड तरी द्या. ते काय पाणी थोडंच आहे!

गिळण्याची_थेरपिस्ट
चावलं की पाणीच सुटतं, काकू. बर्फाचंही तेच.

नांदेड_मावशी
मध्येच बोलते. तान्ह्या बाळाच्या दुधात कुणी हे स्वतःच्या मनानं घालू नका. झँथन गमच्या (एक प्रकारचा डिंक) एका थिकनरबद्दल, म्हणजे घट्ट करायच्या पदार्थाबद्दल, अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषध नियंत्रण संस्था) २०११ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी इशारा दिला होता, आतडी सुजून सडण्याच्या आजारामुळं. २०१२ मध्ये तो सगळ्याच तान्ह्यांपर्यंत वाढवला. आणि घट्टपणासाठी मध? वर्षाच्या आत अजिबात नाही.

पूर्णाकाठ (परभणी)
सिरिंज लावून बघितली. दुपारच्या बाटलीतलं ९ मिली उरलं! मी सकाळीच दिवसभराचं करून ठेवत होते. पावडर कॉर्नस्टार्चची आहे, पाणी ठेवल्या-ठेवल्या घट्ट होत गेलं. म्हणजे तीन महिने दुपारनंतर मी लेकराला जवळजवळ खळच पाजली. हे मला दवाखान्यात कुणीच सांगितलं नव्हतं, याचा राग आहेच.
आता लागेल तेवढं ताजं करते. साधं पाणी बंद केलं, पण माझा प्रश्न सोडलेला नाही. दात-तोंड स्वच्छ करून, बसवून, दोन चमचे साधं पाणी देता येईल का, हे सोमवारी विचारणार.

गिळण्याची_थेरपिस्ट
जरूर विचारा. काही ठिकाणी तसं देतात, पण मूल बघून ठरवतात. आणि लघवी वाढली नाही तर सोमवारची वाट बघू नका.

बीडची_काकू
मला अजून पटलं नाही. पाणी ते पाणी.

पूर्णाकाठ (परभणी)
काकू, आज ताकात पावडर घालून दिली, जिऱ्याची पूड लावून. अर्धी वाटी प्याला. पाण्याला मात्र अजून ओठ मिटलेलेच.