बाबांच्या ४८६ ला नेटवर्क जोडायचंय, कुणाला माहिती आहे का?

बी-३०४, रात्री ८:४०
नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, पण ग्रुपवर जाणकार आहेत म्हणून विचारते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात बाबांचा ४८६, म्हणजे जुन्या पिढीचा कॉम्प्युटर, अजून चालू आहे. डॉसवर (विंडोजच्या आधीची सिस्टम), टर्बो सी या सी भाषेच्या कंपायलरमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम आहे: चादरीच्या डिझाइन्स आणि कुठल्या मागावर किती माल निघाला त्याचा रोजचा हिशेब. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आता फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलाय, म्हणजे हिशेब बाहेर काढायची सोय गेली. सोर्स कोड माझ्याकडे आहे. त्यालाच नेटवर्क जोडून हिशेब लॅपटॉपवर आणता येईल का? कुठली लायब्ररी (प्रोग्रामला जोडायचा तयार कोड) घ्यायची तेच कळेना.

ए-१०२
हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने लॅपटॉपला लावा की. दहा मिनिटांचं काम.

बी-३०४
कॉपीसाठी ते करायचंच आहे दादा. पण रोज कोण उघडत बसणार? आणि मशीन बदलायचं नाही, कामगारांचा हात त्यावर बसलाय.

सी-५०१
ताई, मी पॉलिटेक्निकला हेच शिकवायचो, जरा सविस्तर लिहितो. आधी कॉपी, मग बाकी सगळं. डिस्क फार जुनी असेल तर यूएसबी अडॅप्टर तिला ओळखणार नाही, कारण पत्ते मोजायची तिची पद्धत वेगळी. तसं झालं तर घाबरू नका, डिस्क खराब आहे असं समजू नका.

आता लायब्ररी. डॉसमध्ये नेटवर्क मुळातच नाही. लॅपटॉपवर सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) उघडला की खालचं सगळं ऑपरेटिंग सिस्टम बघते; इथे ते आपल्याच प्रोग्रामच्या पोटात घालावं लागतं. म्हणून पहिलं नेटवर्क कार्ड, दुसरा पॅकेट ड्रायव्हर, तिसरी लायब्ररी. पॅकेट ड्रायव्हर म्हणजे मेमरीत बसून कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्राम. त्याचा नमुना एफटीपी सॉफ्टवेअर या कंपनीने ठरवला आणि सगळ्यांना खुला केला, त्यामुळे कार्ड एनई-२००० असो की थ्रीकॉमचं, वरची लायब्ररी तीच चालते. तो हेक्स ६० ते ८० मधल्या एखाद्या इंटरप्टवर, म्हणजे त्याला हाक मारायच्या क्रमांकावर, बसतो. क्रिनवर (Crynwr) नावाचा संग्रह शोधा, त्यात बहुतेक जुन्या कार्डांचे ड्रायव्हर आहेत.

कोड टर्बो सीचा आहे म्हणून तुम्हाला वॉटटीसीपी सोयीची. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या एरिक एंगेल्के यांनी लिहिलेली. प्रोग्राम ज्या मेमरी मॉडेलमध्ये (स्मॉल, लार्ज वगैरे) बांधलाय, लायब्ररी त्याच मॉडेलची घ्या, नाहीतर लिंक होणार नाही. आयपी पत्ता वॉटटीसीपी.सीएफजी या साध्या फाइलमध्ये लिहायचा.

बी-३०४
सर, एमटीसीपी नाव वाचलं होतं, ते वेगळं का?

सी-५०१
हो, वेगळं. मायकेल ब्रुटमन यांचं, अगदी ८०८८ या त्याहून जुन्या चिपवरही चालतं, आणि सोबत तयार एफटीपी, पिंग, टेलनेट मिळतात. स्वतःचा कोड त्यावर लिहायचा तर ओपन वॉटकॉम कंपायलर लागेल, म्हणजे बाबांचा कोड थोडा हलवावा लागेल. माझं मत: आधी एमटीसीपीचं पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघणारा प्रोग्राम) चालवून कार्ड आणि वायर नीट आहे हे बघा, मग वॉटटीसीपी जोडा. ३८६ च्या पुढच्या मशीनवर डीजेजीपीपी कंपायलर वापरणार असाल तर वॉट-३२ आहे, गिझले वानेम यांनी वॉटटीसीपीवरूनच वाढवलेली, तिच्यात बीएसडी (युनिक्सचा एक प्रकार) पद्धतीचे सॉकेट मिळतात. तुम्हाला त्याची गरज नाही.

एक गोष्ट मुलं हमखास चुकायची. डॉसमध्ये मागे काहीच चालत नाही. लायब्ररीचं टीसीपी-टिक हे फंक्शन तुमच्या लूपमधून सतत बोलवावं लागतं. प्रोग्राम की दाबायची वाट बघत थांबला की नेटवर्कही थांबलं. बाबांचा कोड गेटसीएच वर (की दाबेपर्यंत थांबणारं फंक्शन) थांबत असेल तर ती जागा आधी बदला, केबीहिट (की दाबलीय का एवढंच बघणारं) तपासून.

सचिव
उद्या पाण्याचा दिवस आहे. सकाळी ६ ला मोटर सुरू होईल. चर्चा चालू द्या, छान माहिती मिळतेय.

डी-२०१
सर, आमच्याकडे विंडोज ३.११ वाला आहे, त्याला पण हेच?

सी-५०१
नाही, त्याला विनसॉक, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रामनी नेटवर्क वापरायचा ठरलेला नमुना. १.१ आवृत्ती १९९३ ची. ट्रम्पेट विनसॉक किंवा मायक्रोसॉफ्टचा टीसीपी/आयपी-३२. विंडोज ९५ पासून आतच येतं.

बी-३०४
थेट मुलाच्या ऑनलाइन शीटमध्ये हिशेब गेला तर?

सी-५०१
तिथे ४८६ ला ओढू नका. आजच्या साइट्सना एनक्रिप्शन लागतं, या लायब्ऱ्यांत ते नाही. ४८६ ने साधी फाइल कारखान्यातल्या कारखान्यात लॅपटॉपला द्यावी, पुढचं लॅपटॉप बघेल. राऊटरवरून बाहेरचा रस्ता त्या मशीनला बंदच ठेवा.

आणि बदल थेट कारखान्यात करू नका. लॅपटॉपवर डॉसबॉक्स-एक्स घ्या, त्यात एनई-२००० कार्डाची नक्कल आहे. सगळं घरी चालवून बघा.

बी-३०४
मशीनच्या मागचा फोटो टाकते. कार्ड आहे, पण गोल पोर्ट आहे फक्त.

सी-५०१
तो बीएनसी, जुन्या पातळ कोअॅक्सियल केबलचा. राऊटरची वायर त्यात बसत नाही. माझ्याकडे दोन्ही पोर्ट असलेलं एनई-२००० पडून आहे, जंपरचं (सेटिंग छोट्या पिनांनी होतं). आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) ५ आणि पत्ता हेक्स ३०० वर लावून देतो. आयआरक्यू ३ वर ठेवलं तर दुसऱ्या सिरियल पोर्टशी भांडेल. उद्या पाणी भरून झालं की या घरी. सोर्स कोडची प्रिंट असेल तर तीही आणा, बाबांनी लूप कसा लिहिलाय ते बघू.

बी-३०४
प्रिंट आहे सर. त्यांच्या हाताने मार्जिनमध्ये लिहिलेलं पण आहे. ९ ला येते.