गणपतीतल्या एकांकिकेत 'धपकन पडणे' हवे की नको?

रामबागकर:
इंदुरात गणपती आले की मंडळाच्या एकांकिकेत कुणीतरी केळीच्या सालीवरून घसरणारच. माझं मत, हा प्रवेश कापा. मूकपट बघून हे सुचतं, पण तिथली निम्मी गंमत कॅमेऱ्याची. सेकंदाला 16-18 चौकटी टिपायच्या आणि 24 ने दाखवायच्या, की माणूस तुरुतुरु पळतो. मंडपात तो वेग आणणार कुठून? उरतो नुसता धपका. त्यापेक्षा एक झकास कोटी बरी.

पोहे_जिरावण:
भिया, साफ चूक. 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (1928) हा मूकपट आठवा. घराची अख्खी दर्शनी भिंत त्यातल्या विनोदी नटावर, बस्टर कीटनवर कोसळते, तो नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा असतो म्हणून वाचतो. मोकळीक म्हणाल तर इंचांत मोजायची. यात वेगाची करामत कुठे? हसू येतं ते तो ढिम्म उभा राहतो म्हणून. आपले नट पाय टाकण्याआधीच सालीकडे बघतात, गंमत तिथेच मेली. साल प्रेक्षकांना दिसावी, पात्राला नाही.

आणि खरी साल नकोच. रेक्झिनची कापून खालून दुहेरी चिकटपट्टी लावा. घसरायचं काम नटाचं, सालीचं नाही. गुडघे दुमडून आधी मांडी टेकवा, मग कुल्ला, मग पाठ, हनुवटी छातीला. हात मागे टेकवला की मनगट गेलंच.

रामबागकर:
आणि थप्पड? ती तर दरवेळी खोटीच दिसते.

नेपथ्य_नाना:
कारण मारणाराच टाळी वाजवतो आणि ती सगळ्यांना दिसते. मार खाणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडे ठेवा, टाळी त्याने छातीपाशी वाजवायची. मारणाऱ्याचा हात गालापासून वीतभर लांबून जाऊ दे. मंडपात लोक तिन्ही बाजूंनी बसले असतील तर मात्र हे सोडाच, कडेच्या खुर्च्यांना फट दिसते.

बाकी पडापडीला हलकं का म्हणता? जॉनी वॉकर आपल्या इंदूरचाच. स्वतः दारूला न शिवणारा माणूस, पण दारुडा बघावा तर त्याचा. हौशी नट झोकांड्या खायला बघतो. खरा दारुडा सरळ चालायला बघतो.

रामबागकर:
दारुडा मान्य, थप्पडही. साल नाही. मंडपाचा स्टेज तखत जोडून केलेला, वर सैल सतरंजी. सुरकुतीत पाय अडकला की नट ठरल्याच्या दोन पावलं आधीच तोंडावर.

पोहे_जिरावण:
मग सतरंजी ताणून चारी कडांना खिळे ठोका, आणि तालीम त्याच तखतांवर घ्या. घरच्या फरशीवर नको.