नवराबायको चर्चच्या मिनिस्ट्रीसाठी परदेशी गेलात? गोव्यातल्यांनी अनुभव लिहा

प्रश्न माझाच, म्हणून सुरुवात मीच करते. गोव्यात कोणी परदेशी गेलं तर कारण विचारत नाहीत. बोट, आखात, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधलं स्विंडन. पण नवराबायको दोघं मिशनच्या कामाला चाललेत म्हटलं की शेजारीपाजारी गप्पच होतात.

मी वसईची, नवरा बाणावलीचा. तो नऊ वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन, मी नर्स. मोझांबिकला, बैरा शहरात जायचं म्हटल्यावर सासूबाईंनी आधी पगार विचारला. राहायला खोली, जेवण आणि थोडा हातखर्च. "मग बोटीचं काय वाईट होतं?"

खरं सांगायचं तर पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, त्याला झालं होतं, मला नाही. मी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करायचे, पण मनातून वाटायचं, होऊ नये. पाठवणाऱ्या संस्थेने आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकच प्रश्न विचारला : जोडीदार आला नाही तर तुम्ही जाल का? तो "जाईन" म्हणाला. मी "नाही" म्हणाले. त्यांनी आमचा अर्ज सहा महिने थांबवला. नवरा चिडला, मला मात्र पहिल्यांदा मोकळं वाटलं. त्या सहा महिन्यांत कोणी मला आग्रह केला नाही, आणि माझं मन तेव्हाच तयार झालं. कसं, ते अजून नीट सांगता येत नाही.

सासूबाई 1961च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज चालते, म्हणून रोज संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाला की "कुठं दुखतं, कधीपासून" हे माझ्याकडून पोर्तुगीजमध्ये घोटून घेत. बैरात पोचल्यावर कळलं, म्हाताऱ्या बायका सेना नाहीतर न्दाऊ या तिथल्या भाषा बोलतात. 2019च्या इदाई वादळात उडालेली छपरं तेव्हाही सगळी बसली नव्हती. नवऱ्याची वायरिंगची विद्या माझ्या पोर्तुगीजपेक्षा जास्त कामाला आली.

वास्कोहून :
आमचं जाणं झालंच नाही, तरी लिहितो. आम्ही मूळ नगरचे, प्रोटेस्टंट. केनियाला निघालो होतो. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात पिवळ्या तापाची लस घेतली. ती प्रवासाच्या दहा दिवस आधी तरी घ्यावी लागते, नाहीतर परतताना विमानतळावर अडकवून ठेवतात. अवघड होतं ते पैशांचं. दर रविवारी नव्या चर्चच्या मंडळीपुढे साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायचा, आणि शेवटी महिन्याला किती मदत कराल ते विचारायचं. बायकोला जमायचं, माझा घसा कोरडा पडायचा. मग बाबांना पक्षाघात झाला. पैसे परत करायला घरोघर गेलो. एका मावशींनी घेतलेच नाहीत.

वरच्या ताईंना सांगतो, कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 साली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. आमचे पाळक थांबलेल्या जोडप्यांना हे आवर्जून सांगतात.

फोंड्याहून :
आम्ही हिंदू, शेजारी. टांझानियाला गेलेल्या जोडप्याच्या घराची किल्ली तीन वर्षं आमच्याकडे होती. वीजबिल, पावसाआधी कौलं फिरवणं, सगळं आम्ही पाहिलं. जाण्याआधी मी तोंडावर विचारलं होतं, लोकांना बाटवायला चाललात का? तो हसला. म्हणाला, तिथलं चर्च भरलेलं आहे, गणिताला मास्तर नाही. जाताना सोलं आणि सुके बांगडे घेऊन गेले. बांगडे वाटेतच जप्त झाले असं ऐकलं.

सांकवाळहून :
मी पाठवलेली नाही, मागे ठेवलेली. आईबाबा अंगोलाला गेले तेव्हा मी आठवीत होते. आजीकडे राहिले. जानेवारीत इथे संत जोजे वाझांच्या फेस्ताला (सणाला) गर्दी होते. ओळखीच्या बायका माझ्या गालावरून हात फिरवून म्हणायच्या, भाग्यवान गो तू. वाझ गोव्याचे पाद्री, 1687 साली मजुराच्या वेषात श्रीलंकेला मिशनला गेले, 1711 साली तिथेच वारले. पण त्यांना मुलं नव्हती. आईबाबांवर राग नाही, त्यांचं काम चांगलंच होतं. फक्त माझी दहावीची गुणपत्रिका आजीने दुकानातून फॅक्स केली, ती ओळ न ओळ आठवते.

धागा काढणाऱ्या ताई, तुमची मुलं कुठे होती?

धागाकर्ती :
मुलगी सोबत होती, तिथे सहा वर्षांची झाली. आता बाणावलीच्या शाळेत तिला कोकणीच्या तासाला सेना आठवते. बाकी उद्या लिहिते, रात्रपाळी आहे.