ताऱ्यांपेक्षा तक्रारींचा हिशेब मोठा

ऑनलाइन विक्रेत्याची सेवा कशी जोखावी, या चर्चेत आतापर्यंत सगळा भर ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांच्या सरासरीवर, म्हणजे रेटिंगवर दिसतोय. पण मार्केटप्लेस (अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या साइट) विक्रेत्याला जोखतात ते मुख्यतः चुकांवरून. अ‍ॅमेझॉनवर 'ऑर्डर डिफेक्ट रेट' (तक्रार आलेल्या ऑर्डरींची टक्केवारी) १ टक्क्याच्या खाली ठेवावा लागतो. त्यात नकारात्मक अभिप्राय, 'ए टू झेड' या अ‍ॅमेझॉनच्या खरेदीदार-हमीखालचे दावे आणि कार्डाचे चार्जबॅक (ग्राहकाने बँकेकडून परत मागितलेले पैसे) येतात. हद्द ओलांडली की खातं बंद पडू शकतं. म्हणजे धाक आहे, बक्षीस कमी.

ईबेची पद्धत मला जास्त पटते. अमेरिकेत 'टॉप रेटेड प्लस' (चांगल्या सेवेचा ईबेचा दर्जा) विक्रेत्याला, माल एका कामाच्या दिवसात रवाना केला आणि ३० दिवसांची मोफत परती दिली, तर विक्री शुल्कात १० टक्के सूट मिळते. चांगल्या सेवेला खर्च येतो, त्याची थोडी तरी भरपाई होते.

छोट्या विक्रेत्याचं मात्र या टक्केवारीत हकनाक नुकसान होतं. पन्नास ऑर्डरींत एक तक्रार आली की थेट २ टक्के! हजारो ऑर्डरी असणाऱ्याला तीच तक्रार जाणवतही नाही. आणि इट्सी या हस्तकलेच्या वस्तूंच्या साइटवर 'स्टार सेलर' हा चांगल्या विक्रेत्याचा दर्जा देताना ग्राहकाला २४ तासांत उत्तर दिलं का हे मोजतात; त्या उत्तराने त्याची अडचण सुटली का, हे त्या आकड्यात येतच नाही. माझ्या मते अडचण सोडवणं हीच खरी सेवा.