३ स्रांग, गादेन टांका, सिचुआन रुपया: वर्ष आणि खरेपणा कसा तपासायचा?

नाणेदप्तर: तीन तिबेटी नाणी घ्यायची आहेत. ३ स्रांगवर १६-९ आहे, टांक्यावर वर्षच नाही, तिसरा चिनी बादशहाच्या मुखवट्याचा सिचुआन रुपया. वर्ष कसं काढायचं? घनता मोजून तिन्हींचा निकाल लागेल का?

मोडीवाला: १६-९ म्हणजे सोळाव्या रबजुंगचं नववं वर्ष. रबजुंग हे ६० वर्षांचं चक्र, पहिलं १०२७ साली सुरू झालं. चक्राला ६० ने गुणा, वर्ष मिळवा, वर ९६६ मिळवा: ९६० + ९ + ९६६ = १९३५. तिबेटी २ आणि ३ आपल्यासारखेच दिसतात, बाकीचे आकडे तक्ता समोर ठेवून वाचा.

गादेन टांक्याचा काळ कमळाभोवतीची अष्टमंगल चिन्हं आणि ठिपके यांच्या ठेवणीवरून ठरतो. कापलेला टांका आला तर नाकारू नका. टांका १५ स्करचा (स्कर हे तिबेटी चलनातलं लहान एकक). सुट्ट्या पैशांसाठी तो कापत, तिसरा हिस्सा ५ स्कर, अर्धा साडेसात. कापाची कड बाकी नाण्याइतकीच जुनी आणि झिजलेली हवी. चकचकीत असेल तर काप नवा.

तोळामासा: घनतेची कसोटी रुपयाला चांगली लागू पडते. आपला व्हिक्टोरिया रुपया तिबेटी बाजारातून हटवण्यासाठी पाडलेलं हे नाणं, वजन साधारण ११.४ ग्रॅम. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं टांगा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. कोरड्या वजनाला काट्यावरच्या आकड्यानं भागा, येईल ती घनता. चांगल्या चांदीत काटा १.१ च्या आसपास थांबतो, म्हणजे घनता साधारण १०.४, जर्मन सिल्व्हरमध्ये (तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) १.३ च्या. बुडबुडा चिकटला तर घनता कमी येते आणि खरं नाणं खोटं ठरतं, म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. नंतरच्या रुपयांत चांदी घटवली होती, तेव्हा ९.५ आली म्हणून लगेच परत करू नका.

टांक्याचा निकाल असा लागणार नाही. तो ४-५ ग्रॅमचा, अर्ध्या ग्रॅममध्ये ०.०१ ची चूक म्हणजे २ टक्के, शिवाय त्याची चांदीच हिणकस. ३ स्रांगच्या चांदीचंही तेच. तिथं १० पट भिंग घ्या: कडेवर साच्याची शिवण, अक्षरांच्या पोटात बारीक खड्डे दिसले तर नाणं ओतीव आहे. खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं.

जुनापैका: चिंच, राखुंडी काहीही लावू नका, काळपटपणा गेला की किंमतही जाते. पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर धरतो, मायलरची (पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मची) पाकिटं वापरा. आणि १०० वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, ते परदेशातल्या संग्राहकाला पाठवता येत नाही.